‘ड्राफ्ट करून आण, मी सही करतो’: शिफारसपत्राची ही रीत थांबायला हवी, तुमचं मत काय?

मेडिसिन_नागपूर (धागाकर्ता)

ऑगस्ट लागला की शिक्षकांच्या खोलीबाहेर मुलं उभी दिसू लागतात. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचे (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे) अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस तिकडच्या प्रोग्रामांसमोर उघडतात आणि त्याआधी शिफारसपत्रं अपलोड व्हायला हवी असतात. आतून बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: ड्राफ्ट करून आण, मी सही करतो. कुठल्या एका कॉलेजबद्दल मी बोलत नाही, ही रीत सगळीकडे आहे. मी स्वतः शिकवतो आणि माझं मत स्पष्ट आहे. पत्र शिक्षकानेच लिहावं. लिहिण्याजोगं काही ठाऊक नसेल तर मुलाला त्याच दिवशी तसं सांगावं, म्हणजे तो वेळेत दुसरं दार ठोठावेल.

ईरास या अर्जाच्या यंत्रणेत ‘मी हे पत्र पाहण्याचा हक्क सोडतो’ असं विद्यार्थी नोंदवू शकतो आणि बहुतेक मुलं तसंच नोंदवतात. त्यामुळे वाचणाऱ्याला खात्री वाटते की शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलंय. मुलाने स्वतःच टाइप केलेल्या पत्राबाबत ही नोंद खोटी ठरते, आणि त्या खोट्यात चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला आपण ओढतो. करिअरच्या अगदी पहिल्या कागदावर.

शिवाय असं पत्र उपयोगाचंही नसतं. मुलगा स्वतःबद्दल लिहायला संकोचतो, मग इंटरनेटवरचा नमुना उचलतो. मेहनती, वक्तशीर, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारा. पाच मुलांची पाच पत्रं एका साच्यातली. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या स्टेप १ ला गुण मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास. ज्या आकड्यावर आपली मुलं पुढे जायची तो आकडाच गेला. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त ४ पत्रं जोडता येतात. त्यातलं एक आपण असं वाया घालवायचं?

आता हे बघा. समजा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची एक मुलगी हातपाय दुखतात म्हणून भरती आहे. रात्री तिच्या छातीत दुखू लागतं, ताप चढतो, ऑक्सिजन ९६ वरून ९० वर येतो. ‘क्रायसिसच (सिकलसेलच्या दुखण्याचा झटका) आहे, पेनकिलर द्या’ म्हणून इंटर्न थांबत नाही. तो रेसिडेंटला (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला) उठवतो, छातीचा एक्स-रे करून घेतो आणि अक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलमधली फुप्फुसांची जीवघेणी गुंतागुंत, वेळेत सापडते. ही चार वाक्यं पत्रात आली तर वाचणाऱ्याला त्या मुलाची नजर कळते, त्याचं धाडसही कळतं. ‘मेहनती’ म्हणून यातलं काय कळणार?

सर्जरीचा_माणूस

डॉक्टर, हेतूबद्दल शंका नाही, पण मी पूर्णपणे विरोधात आहे.

अडीचशेची बॅच असते. इंटर्न सर्जरीला सहा आठवडे असतो आणि तेवढ्यात ओपीडी, ओटी, कॅज्युअल्टी सगळं येतं. युनिट हेडला तो राउंडला दिसतो, बस. त्याने रात्री काय केलं हे रेसिडेंटला माहीत, पण रेसिडेंटच्या पत्राला तिकडे वजन नाही. मग मुलगा जे लिहून आणतो तीच माझी माहिती. मी ते वाचतो, पटत नाही ते खोडतो, राहिलेलं घालतो आणि सही करतो. सही माझी म्हणजे जबाबदारी माझी. सरकारी कचेरीत टिपण कारकून लिहितो, पण त्यावर साहेबाची सही झाली की ते साहेबाचंच असतं.

इंग्रजीचंही बोलू. हात सोन्याचे असलेले, शिकवण्यात जीव ओतणारे कितीतरी सर-मॅडम पानभर सफाईदार इंग्रजी लिहायला बिचकतात. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पत्राविना राहायचं का?

आणि ‘माहीत नसेल तर नकार द्या’ याचा फटका कुणाला बसेल? रामदासपेठेत ज्याच्या वडिलांचं हॉस्पिटल आहे त्याला पत्र देणारे काका दहा मिळतील. देसाईगंजच्या शेतकऱ्याचं पोरगं तुमच्या दारातून परत गेलं की त्याला दुसरं दार नाही.

मेडिसिन_नागपूर (धागाकर्ता)

शेवटचा मुद्दा मला लागला आणि तो खरा आहे. म्हणूनच नकार ऑगस्टमध्ये नको, पोस्टिंग सुरू असतानाच कळायला हवा.

पण माहिती घेणं वेगळं आणि मजकूर घेणं वेगळं. मी मुलाकडून एक पान मागतो: कोणत्या तारखांना कोणत्या युनिटला होता, लक्षात राहिलेले तीन-चार रुग्ण कोणते, त्यात त्याने स्वतः काय केलं. सोबत सीव्ही. मग त्या वेळच्या रेसिडेंटला फोन करतो आणि वीस-पंचवीस ओळी लिहितो. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. व्याकरण दुसऱ्याकडून तपासून घ्या, पण मत तुमचं असू द्या. तुमच्या कारकुनाच्या उदाहरणात एक अडचण आहे. कारकून स्वतःच्या बढतीचं टिपण स्वतः लिहीत नाही.

परदेशी_रेसिडेंट

मी नागपूरचाच, आता अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनला. आमच्या प्रोग्रामात अर्ज चाळायला मदत करतो. दोघांनाही थोडं सांगतो.

पत्र हाती आलं की आधी बघतात, लिहिणाऱ्याने याला किती काळ आणि कुठल्या नात्याने पाहिलं. मग एखादा प्रसंग शोधतात, मग इतरांशी तुलना. ‘गेल्या काही वर्षांत माझ्या युनिटला आलेल्या इंटर्नमध्ये वरच्या दहांत’ हे वाक्य विशेषणांच्या दोन परिच्छेदांपेक्षा जास्त बोलतं, अर्थात ते खरं असेल तर. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये तर ठरावीक नमुन्याचा फॉर्मच असतो, त्यात विद्यार्थी इतरांच्या तुलनेत कुठे बसतो हे भरावं लागतं.

घात करतात ती गुळमुळीत वाक्यं. ‘दिलेलं काम समाधानकारकपणे केलं’ हे आपल्याकडे चांगलं वाटतं, इथे त्याचा अर्थ ‘घेऊ नका’ असा लावला जातो. उलट, ‘सुरुवातीला प्रेझेंटेशन लांबायची, तिसऱ्या आठवड्यापर्यंत नेमकी झाली’ असं लिहिलंत तर बाकीच्या स्तुतीवर विश्वास बसतो.

आणखी एक. आपल्या वॉर्डाची कल्पना इथल्या वाचकाला नसते. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, पार बालाघाट-छिंदवाड्याहून पेशंट येतात, सिकलसेल आणि सर्पदंश नेहमीचे, मे महिन्यात उष्माघात. आपला इंटर्न स्वतः काय करतो, रक्त काढणं, कॅथेटर टाकणं, पेशंटला एक्स-रेला घेऊन जाणं, हे दोन ओळींत लिहा.

एका बाबतीत मात्र मेडिसिनवाल्या सरांशी सहमत नाही. ते घरच्या, म्हणजे भारतातल्या शिक्षकांच्या, पत्राला जरा जास्तच महत्त्व देत आहेत. इथे येऊन केलेल्या रोटेशनमधल्या डॉक्टरचं पत्र बहुतेक प्रोग्रामांना अधिक भरवशाचं वाटतं.

इंटर्न_अजनी

सर, मी सध्या इंटर्न आहे म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते. प्रामाणिक पत्राची मला भीती वाटते. बाकी सगळ्यांच्या पत्रात ‘मी पाहिलेला सर्वोत्तम विद्यार्थी’ असताना माझ्या सरांनी ‘चांगली आहे, प्रेझेंटेशन सुधारली’ लिहिलं तर बाद मीच होणार. परीक्षा, अर्ज, प्रवास यांवर घरच्यांचे लाखो रुपये लागलेत. आणि सरांकडे एकदा मागायलाच आठवडाभर धीर गोळा करावा लागतो. ‘जरा तपशिलात लिहाल का’ असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणायचं? ड्राफ्ट हाती असला तर निदान काय जातंय ते कळतं.

ओबीजी_मॅडम

अजनी, तुझी भीती समजते. पण मुली स्वतःचा ड्राफ्ट लिहितात तेव्हा काय होतं ते मी बघते. रात्रभर लेबर रूम सांभाळलेली मुलगी लिहिते, ‘मी सिनिअरना मदत केली.’ पीपीएच (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव) तिने ओळखलेलं असतं, रक्त मागवायला ती धावलेली असते, आणि कागदावर उरते ‘मदत’.

पण धागाकर्त्या सरांनाही सांगते, शिक्षकाने स्वतः लिहिलं की सगळं नीट होतं असं नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल स्कूलमध्ये प्राध्यापकपदाच्या उमेदवारांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रं तपासली होती. स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड निघाली, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती आणि बुद्धीपेक्षा कष्टांचं कौतुक जास्त होतं. ती पत्रं तर वरिष्ठांनी स्वतःच लिहिलेली होती! म्हणून पत्र झालं की मी नावाच्या जागी मुलाचं नाव घालून वाचते. ‘मायाळू, कष्टाळू, सगळ्यांची लाडकी’ हे मुलाबद्दल मी लिहिलं असतं का? नसतं, तर खोडते आणि तिने काय निदान केलं ते लिहिते.

गोंदियाकर_जीपी

मी जुना माणूस, मेडिकलचाच. तुम्ही सगळे पत्र कसं लिहावं हे सांगून राहिले, पण मला वेगळीच काळजी आहे. आपल्याकडे पीजीची (पदव्युत्तर) सीट नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर मिळते, तिथं कोणाचं पत्र चालत नाही, आणि हे फार चांगलं आहे. उद्या कोणी म्हणेल इथंही पत्रं सुरू करा. तसं झालं तर वशिला परत येईल आणि खेड्यातल्या पोरांचं मरण होईल. बाहेर जाणाऱ्यांना जे लागते ते द्या, पण ही पद्धत घरात आणू नका.

मेडिसिन_नागपूर (धागाकर्ता)

गोंदियाकर सर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. इथल्या प्रवेशात पत्र नकोच.

अजनी, सगळ्यांनीच ‘सर्वोत्तम’ लिहिलं की त्या वाक्याकडे कुणी बघत नाही. तुला पुढे नेईल ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता येणार नाही असं पत्र. मागताना एवढंच विचार: ‘सर, तुम्ही मला जोरदार पत्र देऊ शकाल का?’ सर घुटमळले तर तेच उत्तर समज आणि आभार मानून दुसरीकडे जा.

सर्जरीचा_माणूस

एक पान माहिती आणि रेसिडेंटला फोन, हे मी यंदा करीन. ओबीजी मॅडमची नाव बदलून वाचायची पद्धतही घेतो. पण ज्या शिक्षकाला इंग्रजी जड जातं त्याने मुलाची वाक्यं वापरली तर त्याला मी खोटं म्हणणार नाही, त्यावर माझं मत बदललेलं नाही. आणि आपण इतकं बोलतोय, तर कॉलेजांनी शिक्षकांसाठी यावर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा का घेऊ नये? शिकवण्याच्या पद्धतींवर घेतोच ना.

इंटर्न_अजनी

एक शेवटचं विचारते. ज्या मॅडमनी मला खरोखर पाहिलं त्यांची बदली यवतमाळला झाली. आताचे युनिट हेड मला ओळखतही नाहीत, पण सगळे म्हणतात पत्र एचओडींचंच (विभागप्रमुखांचंच) घे.

परदेशी_रेसिडेंट

मॅडमचंच घे. ईरासवरून लेटर रिक्वेस्ट फॉर्म काढून त्यांना मेल कर, पत्र त्या कुठूनही अपलोड करू शकतात. लेटरहेड त्यांच्या आताच्या कॉलेजचं असू दे. नागपुरात कोणत्या महिन्यांत, कोणत्या युनिटला तू त्यांच्या हाताखाली होतीस, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. तुझं ते एक पान आजच पाठव, सप्टेंबरची वाट बघू नकोस.