विषय: चिमीचं ऑपरेशन आणि चतुर्थीचा नारळ

प्रेषक: चिमीची आई, फोंडा

नमस्कार मंडळी,

मस्कत सोडून दोन वर्षं झाली, तरी तुमचे फोन येतात. तेच तेच सांगून आम्ही दोघंही दमलो, म्हणून एकदाच लिहिते.

चिमीच्या चौथ्या महिन्यात शंट, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त नेणारी छोटी नळी, घातला तेव्हा तुमच्याच घरून डबे येत होते. टेट्रालॉजीचं, म्हणजे तिच्या हृदयातल्या जन्मजात दोषाचं, मोठं ऑपरेशन जानेवारीत ठरलं, चिमीला सर्दी झाली. मार्चमध्ये बॅगा घेऊन मडगाव स्टेशनपर्यंत पोचलो, तिथं ताप. शेवटी जुलैअखेर मुंबईला झालं. छिद्र बुजवलं, फुप्फुसाकडची वाट रुंद केली. ओठांचा निळेपणा गेला, नखं गुलाबी! बघतच बसले.

पाचव्या दिवशी छातीतल्या नळीच्या बाटलीत पांढरं दिसलं. तोवर फिकट पिवळसर पाणी यायचं. आदल्या दिवशीच ती पहिल्यांदा पोटभर दूध प्यायली होती. मला वाटलं तेच गळतंय. सिस्टर काही न बोलता बाटलीवर पेनानं रेघ ओढून वेळ लिहून गेली. नाव कळलं कायलोथोरॅक्स. अन्नातली चरबी रक्तात नेणारी नळी छातीतून जाते, ऑपरेशनमध्ये दुखावली की झिरपते. मग चरबी बंद, आणि मुक्काम आणखी 13 दिवस.

आता घरी सहा आठवडे साय काढलेल्या दुधाची पावडर आणि एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीचं) तेल. या तेलातली चरबी त्या नळीतून जात नाही, थेट यकृताकडे जाते. सासूबाईंनी चष्मा लावून डबा वाचला. ‘‘हें नारळाचंच मगे! मग माझ्या रसानं काय घोडं मारलं?’’ त्यातला ठरावीक भागच वेगळा काढलेला असतो, ओल्या नारळात बाकीची चरबीही येते, हे चार वेळा सांगितलं. पटलं की नाही, देव जाणे. चतुर्थी दहा दिवसांवर आहे. नारळाशिवाय तिच्या ताटात काय वाढू?

*

प्रेषक: रुवीहून (मस्कत) काका

वहिनी,

आमच्या धाकट्याचं हेच झालं होतं. पातोळ्या करा. हळदीचं पान, तांदळाचं पीठ तसंच. चुनात, म्हणजे आतल्या सारणात, खोबऱ्याऐवजी पिकलेलं केळं आणि गूळ. वास तोच येतो, पोरं फसतात. नेवऱ्या (करंज्या) मात्र तिच्या नजरेसमोर ठेवू नका, आणि पाहुण्यांना दारातच सांगा. आमच्याकडे एका मावशीनं प्रेमानं एक करंजी भरवली. पुढच्या एक्स-रेत पाणी दिसलं आणि परत नळी. त्या मावशीशी आमची बायको अजून नीट बोलत नाही.

दातांच्या डॉक्टरकडे कधी न्याल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

*

प्रेषक: चिमीची आई, फोंडा

काका,

तीन पातोळ्या खाल्ल्या, चौथीचं पान चाटलं. खतखतं (मिश्र भाज्यांची भाजी) तिच्यासाठी वेगळं काढायचं म्हणून सकाळी स्वयंपाकघरात गेले तर एकच मोठं पातेलं चढलेलं, बिनखोबऱ्याचं. सगळ्या घराला तेच. सासूबाई म्हणाल्या, दोन पातेली कोण घासणार. खवणी वर माळ्यावर गेली होती. नारळ होता तो एक, गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधलेला.

सोमवारी एक्स-रे आहे. संध्याकाळी कळवते.