मोफत व्हिडिओ-संकेतस्थळांनी चांगल्या चित्रदर्जासाठी प्रेक्षकांकडून पैसे घ्यावेत का?

मोडीवाचक:

सर्वांना नमस्कार.

गेली चार वर्षे मी एका मोठ्या मोफत व्हिडिओ-संकेतस्थळावर मोडी लिपीचे धडे देत आहे. बोरूने अक्षरे गिरवून दाखवणे हा त्यातला एक भाग आणि जुन्या कागदांचे ओळीओळीने वाचन हा दुसरा. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने कळवले की एका पत्राच्या तिसऱ्या ओळीत मी अनुस्वार वाचला, पण व्हिडिओ थांबवून कितीही निरखले तरी तिथे टिंब आहे की कागदावरचा डाग आहे, हे तिला ठरवता येत नाही. मी माझ्याकडचे मूळ चित्रीकरण उघडून पाहिले. टिंब स्वच्छ होते, शाईची कडासुद्धा दिसत होती. तोच क्षण संकेतस्थळावर १०८०पी लावून पाहिला, तर ते टिंब कागदाच्या तपकिरी रंगात विरून गेले होते. मोडीत आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहिली जात आणि शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे शिकणाऱ्याला एकेका टिंबाचा आधार लागतो.

त्याच वेळी दर्जाच्या यादीत मला दिसले की १०८०पीच्याच वर, त्याच आकड्याचा, पण पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आणखी एक पर्याय आहे. यावरून दोन प्रश्न पडले. आकडा तोच असताना हा दुसरा पर्याय खरोखर वेगळा असतो का? आणि धडा मी विनामूल्य दिलेला असताना, तो नीट दिसण्यासाठी विद्यार्थ्याने तिसऱ्या कोणाला तरी पैसे द्यावेत, हे न्यायाचे आहे का? संकेतस्थळ चालवायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. तरीही मन स्वस्थ नाही, म्हणून जाणकारांना विचारतो.

बिटगणित:

मोडीवाचक, नमस्कार. व्हिडिओ एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ दाबून कमी जागेत बसवणे, हे माझे रोजचे काम असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

होय, तो पर्याय खरोखर वेगळा असतो. १०८०पी हा आकडा केवळ चौकटीचे माप सांगतो: १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. त्या चौकटीत किती माहिती भरली आहे हे बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरलेल्या बिटांची संख्या, सांगतो, आणि तो यादीत कुठेच लिहिलेला नसतो. सेकंदाला ३० चित्रे धरली, तर न दाबलेल्या १०८०पी चित्रणाला सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट लागतील. यूट्यूब याच मापाचा व्हिडिओ चढवणाऱ्याला ८ एमबीपीएस (सेकंदाला ८० लाख बिट) बिटरेट सुचवते, म्हणजे तुमच्या हातून निघतानाच तो जवळपास १८७ पट दाबलेला असतो. प्रेक्षकापर्यंत जाणारी प्रत त्याहूनही हलकी करतात. या दाबण्यात सर्वांत आधी बळी जातो तो कमी उठावाच्या बारीक तपशिलाचा. शिवाय रंगाची माहिती सर्वसाधारणपणे चार पिक्सेलांत मिळून एकदाच साठवली जाते. तपकिरी कागदावरचे फिकट तपकिरी टिंब या दोन्ही कारणांनी नाहीसे होते. खरखरीत हातकागदाचा पोत तर बिटरेट अक्षरशः खाऊन टाकतो आणि अक्षरांच्या वाट्याला उरलेसुरले येते.

आता पैशांकडे येतो. यूट्यूबने ७२०पी २००८ मध्ये, १०८०पी २००९ मध्ये आणि त्याहून मोठ्या मापाचे ४के २०१० मध्ये आणले, आणि हे सर्व मोफत होते. २०२२ मध्ये काही प्रेक्षकांना ४केच्या पर्यायापुढे प्रीमियमची, म्हणजे पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाची, अट दिसू लागली. नाराजी उमटल्यानंतर ऑक्टोबरमध्ये कंपनीने तो प्रयोग बंद केला. पुढे २०२३ मध्ये वाढीव बिटरेटचा '१०८०पी प्रीमियम' हा पर्याय आला, आणि नेहमीच्या १०८०पीमध्ये काहीही बदल केलेला नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. भारतात हे सदस्यत्व २०१९ मध्ये महिना १२९ रुपयांना सुरू झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ रुपये झाले.

या दोन प्रसंगांत मला मोठा फरक वाटतो. जे बारा वर्षे मोफत होते त्याला कुलूप घालणे अयोग्य होते. नव्याने एक जड प्रत तयार करून तिचे पैसे मागणे मला रास्त वाटते, कारण प्रत्येक व्हिडिओच्या अनेक मापांच्या आणि अनेक कोडेकांच्या (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतींच्या) प्रती करून त्या वर्षानुवर्षे साठवाव्या लागतात. या कामासाठी गूगलने स्वतःची खास चिपसुद्धा बनवली आणि २०२१ मध्ये तिची माहिती जाहीर केली. हा खर्च काल्पनिक नाही.

पिटातला प्रेक्षक:

मला यात अन्याय दिसत नाही. नाट्यगृहात पुढच्या रांगेचे तिकीट महाग आणि बाल्कनीचे स्वस्त असते, आणि बाल्कनीत बसणाऱ्याने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. नेटफ्लिक्सही आपल्याकडे हेच करते. डिसेंबर २०२१ मध्ये दर घटल्यावर १४९ रुपयांत मोबाइलवर ४८०पी, ४९९ मध्ये १०८०पी आणि ६४९ मध्ये ४के मिळू लागले. ज्याला जे परवडते ते तो घेतो. मोफत संकेतस्थळाने तेच केले तर ते वाईट कसे?

पूर्वेकडून:

नाट्यगृहाची उपमा इथे पुरती लागू पडत नाही, असे मला वाटते. पुढची रांग एकच असते आणि तिच्यात मोजक्याच खुर्च्या असतात, म्हणून ती महाग. नेटफ्लिक्सही दाखवते ते स्वतः विकत घेतलेले किंवा स्वतः घडवलेले. मोफत संकेतस्थळावर नाटक मोडीवाचकांनी स्वतःच्या खर्चाने उभे केलेले आहे आणि प्रेक्षकाने जाहिराती पाहून आपला वाटा आधीच उचललेला आहे.

मी अनेक वर्षे जपानमध्ये राहतो. दर्जासाठी पैसे घेण्याचा प्रयोग इथे फार पूर्वी झाला, म्हणून तो सांगतो. निकोनिको हे संकेतस्थळ २००६ च्या अखेरीस सुरू झाले आणि जून २००७ मध्ये त्यांनी महिना ५२५ येनचे प्रीमियम सदस्यत्व आणले. संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत, म्हणजे लोक घरी येऊन निवांत बसण्याच्या वेळी, मोफत प्रेक्षकांना 'इकॉनॉमी मोड' लागू होत असे आणि चित्र व आवाज दोन्ही हलक्या दर्जाचे मिळत. पैसे भरणाऱ्याला हा त्रास नसे. चित्रावरून सरकणाऱ्या प्रेक्षकांच्या शेऱ्यांमुळे हे संकेतस्थळ जपानी लोकांच्या जिव्हाळ्याचे होते, आणि प्रीमियम सदस्यांची संख्या २५ लाखांवर गेली. पण २०१६ नंतर ती उतरत गेली. त्या सुमारास लोकांचे गाऱ्हाणे नव्या सोयींबद्दल नव्हते. व्हिडिओ लवकर सुरू व्हावा आणि नीट दिसावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

बिटगणित यांनी केलेला भेद मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु मूळ प्रत हलकी केली नाही, याची शहानिशा प्रेक्षकाने कशी करायची? निकोनिकोमध्ये निदान हलकी प्रत कोणती हे उघड सांगितलेले होते. आकडा तोच ठेवून आतला बिटरेट हळूहळू कमी करत नेला, तर ते कोणाच्याच लक्षात येणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, पैसे घ्यायचेच असतील तर मोफत प्रतीचा किमान बिटरेट जाहीर करावा आणि तो पाळावा.

बिटगणित:

ही मागणी मला पूर्णपणे पटते. एका अडचणीचीही नोंद करतो: नव्या कोडेकमध्ये तेवढाच दर्जा कमी बिटरेटमध्ये मिळतो. एच.२६४ या जुन्या कोडेकच्या ठिकाणी व्हीपी९ किंवा एव्ही१ हे नवे कोडेक आले, तर आकडा घसरेल, पण चित्र तसेच राहील. तेव्हा जाहीर करताना कोडेकचे नावही सोबत द्यावे लागेल. दुधाच्या पिशवीवर फॅट छापलेले असते, तसे हे छापायला हरकत नसावी.

दीड जीबी:

मोडीवाचक सर, मी तुमचे धडे पाहतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतो आणि घरी वायफाय नाही. माझ्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो. ५ एमबीपीएसच्या प्रतीला तासाला सव्वादोन जीबी लागतात, म्हणजे तुमचा एक तासाचा धडा त्या दर्जात पाहायला घेतला तर तो पाऊण तासाच्या आतच थांबतो आणि त्या दिवशी घरात दुसरे काहीच चालत नाही. १ एमबीपीएसच्या प्रतीला तासाला साडेचारशे एमबी पुरतात, म्हणून मी नेहमी ४८०पी लावतो. मार्च २०२०च्या टाळेबंदीत मोठ्या कंपन्यांनी मिळून मोबाइल नेटवर्कवरचा दर्जा १४ एप्रिलपर्यंत ४८०पीवर आणला, तेव्हा शहरातले मित्र कुरकुरत होते. माझ्याकडे त्याने काहीच बदलले नाही.

सांगायचे एवढेच की, दर्जाचे पैसे आम्ही आधीपासूनच भरतो, फक्त ते मोबाइल कंपनीकडे जातात. त्यावर संकेतस्थळानेही कुलूप घातले तर दोनदा भरावे लागतील, आणि दोन्ही भरणे आमच्यासारख्यांना जमणार नाही. या चर्चेत वरच्या दर्जाविषयी बरेच बोलणे झाले. खालचा दर्जा चांगला असावा, याचाही कोणीतरी आग्रह धरावा, ही विनंती. ४८०पीमध्ये मी अक्षरे ओळखतो, पण वेलांटी पुष्कळदा अंदाजाने वाचतो.

बिटगणित:

दीड जीबी यांचे म्हणणे माझ्या विचारातून सुटले होते, ते मान्य करतो. त्यांच्यासाठी आणि त्या विद्यार्थिनीसाठी मोडीवाचकांना आजच करता येतील अशा काही गोष्टी सांगतो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवा आणि कागद अजिबात हलू देऊ नका. कोडेक मागच्या चित्राच्या तुलनेत झालेला बदल तेवढा साठवतो, त्यामुळे स्थिर चित्राला बिट फार कमी लागतात आणि वाचलेले बिट अक्षरांच्या कामी येतात. प्रकाश भरपूर ठेवा, कारण अंधूक चित्रणातले दाणे हेही कोडेकच्या दृष्टीने तपशीलच असतात. संपूर्ण पान दाखवण्याऐवजी दोन-दोन ओळी चौकट भरून दाखवा; मग ४८०पीमध्येही टिंब पुरेसे मोठे दिसेल. तुमचे संकेतस्थळ यूट्यूब असेल, तर मूळ चित्रण १४४०पी किंवा ४के मापात चढवा. अशा व्हिडिओंना तिथे व्हीपी९ सारखे अधिक चांगले कोडेक मिळते आणि त्याचा लाभ खालच्या मापांच्या प्रतींनाही होतो.

मोडीवाचक:

सर्वांचा अत्यंत आभारी आहे.

बिटगणित यांनी सांगितल्याप्रमाणे काल तेच पत्र पुन्हा चित्रित केले: खिडकीजवळ टेबल, तिवई, कागदाच्या चारही कोपऱ्यांवर पितळी वजने, आणि चौकटीत दोनच ओळी. व्हिडिओ चढवून झाल्यावर ४८०पी लावून पाहिले. अनुस्वार दिसतो. डाग त्याच्या उजवीकडे, थोडा खाली आणि पसरट आहे, हेही दिसते. त्या विद्यार्थिनीला दुवा पाठवला आहे.

मुख्य प्रश्नाविषयी माझे मत आता असे झाले आहे की, अधिक दर्जाचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही, परंतु मोफत प्रतीत किती माहिती आहे ते प्रेक्षकाला आणि व्हिडिओ देणाऱ्याला दोघांनाही कळले पाहिजे. माझ्या धड्याची कोणती प्रत लोकांपर्यंत पोहोचते, हे मला चार वर्षे ठाऊक नव्हते. याविषयी मी संकेतस्थळाच्या अभिप्राय-पेटीत मराठीतून सविस्तर लिहिले आहे. 'पूर्वेकडून' यांची किमान बिटरेट जाहीर करण्याची सूचना त्यात जशीच्या तशी घेतली आहे.

दीड जीबी, यापुढे प्रत्येक धड्याबरोबर त्या पानाची स्थिर छायाचित्रे वेगळी ठेवीन. एका पानाचे छायाचित्र दोन-तीन एमबीच्या आत बसते. वेलांटी अंदाजाने वाचू नका. जिथे अडेल त्या ओळीचा क्रमांक मला कळवा.