एक्स-रे मशीनचा परवाना: छळ कुणाचा?

डार्करूम: 'छोट्या दवाखान्यातल्या एक्स-रेला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, क्यूए (मशीनची गुणवत्ता चाचणी), टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणांचा डोस मोजणारा बिल्ला) म्हणजे निव्वळ छळ' हे स्टेथो यांचं कालचं मत वाचलं आणि राहवेना. मी एक्स-रे टेक्निशियन आहे. पहिल्या नोकरीत खोलीच्या दाराला शिशाचा पत्रा नव्हता आणि बाहेरच्याच बाकावर गरोदर बायका नंबर लावून बसायच्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, "एका शॉटने काय होतंय?" पेशंटला एकच शॉट, पण त्या भिंतीआड दिवसभर शॉट चालायचे. २०१२ च्या कॅग अहवालानुसार देशातली सुमारे ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे केंद्रं एईआरबीकडे नोंदलेलीच नव्हती. छळ कुणाचा चालला होता?

स्टेथो: छातीच्या एक्स-रेचा डोस ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं एकक) किंवा त्याहून कमी. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. माझ्या अर्जात त्रुटी काढली, मशीन बंद राहिलं आणि पाय मोडलेले पेशंट मला जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागले. त्यांच्या सुरक्षेचं काय?

टॉवरग्रस्त: एक्स-रेचं सोडा. गच्चीसमोर मोबाइल टॉवर आला तेव्हापासून आईची झोप उडालीय.

डार्करूम: टॉवरच्या लहरींत एक्स-रेसारखी अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. शिवाय २०१२ पासून या लहरींची आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे.

टॉवरग्रस्त: मला शिकवू नका! आईच्या उशाशी एक रात्र बसून बघा. मर्यादा कागदावर, मोजायला कोण येतं?

गॅमा: सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरली की येतात. आमच्या सोसायटीने मोजून घेतलंय, आकडा मर्यादेच्या खूप आत निघाला.

टॉवरग्रस्त: टॉवर त्यांचा, कमाई त्यांची आणि मोजणीची फी आम्ही भरायची?

गॅमा: फीबद्दल तुमचं बरोबर आहे. झोपेबद्दल नाही. आणि स्टेथो, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातलं प्रकरण विसरलात? २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाचं जुनं गॅमा यंत्र भंगारात गेलं, आतल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० सकट. एक कामगार मेला.

स्टेथो: कोबाल्ट आणि एक्स-रे एका मापाने मोजू नका. माझ्या मशीनचं बटण बंद केलं की किरण संपले.

डार्करूम: आणि बटण चालू असताना? तुमच्याकडे बॅज तरी आहेत का?

स्टेथो: आहेत. टेक्निशियनच्या बॅजचा आकडा वाढून आला, तेव्हाच लेड (शिशाच्या) ॲप्रनला आतून चीर गेल्याचं कळलं. बॅज राहू द्या, माझी हरकत नाही. पण तपासणारा माणूस जिल्ह्यात हवा.

डार्करूम: तो हवाच. सुप्रीम कोर्टाने राज्यांना रेडिएशन सेफ्टी संचालनालयं काढायला २००१ मध्येच सांगितलं होतं. कॅगने पाहिलं तेव्हा ती फक्त केरळ आणि मिझोरामात होती. यावर भांडा, मी तुमच्या बाजूने लिहीन. परवान्यावर नाही.