मदत हवी आहे: संशोधनावरचा खर्च आणि उत्पन्नातली दरी

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात एमए अर्थशास्त्र करतोय. संशोधनावरचा खर्च वाढला की उत्पन्नातली विषमता वाढते की घटते, हा लघुप्रबंधाचा विषय. भारत जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्चतो, दक्षिण कोरिया पाचच्या आसपास. २०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले फिलिप आगियों यांनी अमेरिकेतल्या राज्यांचे आकडे तपासले: पेटंट वाढली की वरच्या एक टक्का लोकांचा उत्पन्नातला वाटा वाढतो, पण खालच्यांना वर चढायची संधीही वाढते.

माझे बाबा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत हाताने साचे भरायचे. मोल्डिंग मशीन आलं. ऑपरेटरचा पगार वाढला, बाबा घरी बसले. तळव्यावरचे घट्टे अजून आहेत. म्हणूनच हा विषय सोडवत नाही.

जिल्हावार पेटंट आणि पीएलएफएसमधली (सरकारच्या रोजगार सर्वेक्षणातली) मजुरी कुणी जुळवून पाहिलीय का? कशी जुळवली?