भाऊ 'आयडी'वर सट्टा लावतो. हे व्यसन म्हणायचं का?

सातपूरची ताई:
धाकटा भाऊ अंबडला एका कंपनीत सीएनसीवर आहे, वय 27. दोन वर्षं मोबाइलवर रमी खेळायचा. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, ॲप बंद पडलं, आईने नवश्या गणपतीला नारळ फोडला. महिन्याभरात कळलं, टेलिग्रामवरून कुणीतरी 'आयडी' म्हणजे सट्ट्याच्या साइटचं लॉगिन देतं, त्यावर क्रिकेटला लावतो. मागच्या आठवड्यात गाडी चोरीला गेली म्हणाला. पोलिसांत जाऊ म्हटल्यावर रडायलाच लागला, विकली होती. मी आणि मिस्टरांनी दोनदा मिळून 85 हजार फेडलेत. दारू नाही, तंबाखू नाही. नुसता नाद आहे की आजार?

पंचवटीकर:
लग्न लावून द्या. जबाबदारी आली की सुधारेल.

नाशिकरोडचा एक:
@पंचवटीकर, माझं लावलं होतं. बायकोच्या पाटल्या गेल्या.

ताई, आजारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे. भावाला दोनच गोष्टी विचारा : रक्कम वाढवत न्यावीशी वाटते का? किती लावले याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकालाही 'हो' आलं तर डॉक्टरला दाखवायचं. मी चार वर्षं 'आज कव्हर करतो (म्हणजे हरलेले पैसे परत काढतो) आणि सोडतो' म्हणत होतो. कव्हर झालं त्या रात्री डबल लावले.

आणि राग मानू नका, तुमचे 85 हजार त्याला लिमिट वाढल्यासारखे वाटले असणार. वडिलांनी द्राक्षाचे पैसे भरले तेव्हा मला तसंच वाटलं होतं. आता पगार बायकोच्या खात्यात वळवतो, माझ्या फोनवर यूपीआय नाही. सुरुवातीला अपमान वाटायचा.

14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरच्यांनी केला तरी चालतो. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. 'जीव देईन' म्हणाला तर धमकी समजू नका, एकटं सोडू नका.

सातपूरची ताई:
काल जेवताना विचारलं. पहिल्याला हो म्हणाला. दुसऱ्याला ताट सरकवून उठला. रात्री अकराला माझ्या दारात येऊन उभा, म्हणे अजून एक लोन ॲप आहे, 40 हजारांचं. सोमवारी फर्स्ट शिफ्ट बुडवून सिव्हिलला नेतेय. केसपेपरला आधार लागतो का?