कारचा नाद सोडून बाइककडे वळलेले कोण कोण? अनुभव लिहा

कात्रजकर:
काल कर्वे रोडला सिग्नलला शेजारी फियाटची पांढरी अबार्थ पुंटो कार येऊन थांबली आणि सगळं आठवलं. माझ्याकडे हीच होती. २०१५ ला आली तेव्हा घरात वाद घालून घेतली होती. १.४ टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी ताकद, पुढे विंचवाचं चिन्ह, आणि बनलेली आपल्या रांजणगावात! टर्बो जागा झाला की पाठ सीटला चिकटायची. रविवारी पहाटे ताम्हिणी, मग चहा, मग बॉनेट उघडून तासभर गप्पा.

हळूहळू पहाटेही घाट मोकळा मिळेनासा झाला. एवढी ताकद घेऊन टेम्पोच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं. मग मित्राची रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर बाइक चालवली. ४७ बीएचपी, म्हणजे पुंटोच्या एक तृतीयांशही नाही, पण ५०-६० च्या वेगात जी मजा यायला कारमध्ये १२० लागायचं ती इथे आली. पौड सोडलं की हवा बदलते ते गुडघ्यांना कळतं. भाताच्या खाचरांचा वास येतो. तोच रस्ता इतकी वर्षं काचा लावून, एसी लावून गेलो होतो. कार विकली, इंटरसेप्टर घेतली.

तुमचं कसं झालं? काय शिकावं लागलं? घरचे काय म्हणाले? मोकळेपणाने लिहा.

वरंधाप्रेमी:
मस्त धागा. कारवाल्यांना सगळ्यात जड जातं ते वळण. स्टीअरिंग जिकडे फिरवू तिकडे गाडी जाते ही सवय हाडात मुरलेली. बाइकला वेग आला की उजवीकडे जायचं तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी आपोआप उजवीकडे कलते. वाचून पटत नाही, रिकाम्या मैदानात करून बघा.
दुसरं नजर. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. वळण जिथे संपतं तिकडे बघायचं. वरंधा घाटात पावसाळ्यानंतर वळणात बारीक खडी असते, तिथे हे दोन्ही कामाला येतं. कार खडीवर सरकली तरी चार चाकं आहेत, इथे पुढचं चाक गेलं की संपलं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर.

स्टुटगार्टहून:
इकडे जर्मनीत एक सोय आहे, इकडच्या मराठी मंडळींना उपयोगी पडेल. बी१९६ म्हणतात. वय २५ पूर्ण, कारचं लायसन्स किमान ५ वर्षं जुनं, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ९० मिनिटांचे ९ वर्ग केले की परीक्षा न देता १२५ सीसी चालवता येते. मी आधी बीएमडब्ल्यूच्या झेड४ कारवाला. टप खाली करून श्वार्झवाल्डच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) बी५०० रस्त्यावर फिरायचो तेव्हा वाटायचं याहून मोकळं काही नाही. १२५ वर १५ हॉर्सपॉवर, चढावर ट्रकही मागे लागतात, पण गिअर स्वतः जपून वापरावा लागतो आणि तेच आवडलंय. फक्त हे लायसन्स जर्मनीच्या बाहेर चालत नाही, त्यामुळे ऱ्हाईन ओलांडून फ्रान्समध्ये जाता येत नाही. आता मोठ्या बाइकच्या पूर्ण ए लायसन्सचे क्लास लावलेत.

मेघना_ठाणे:
मी चाळिशीनंतर शिकले. सगळे ताकद विचारतात, मला सीटची उंची विचारायची होती. रॉयल एन्फिल्डच्या हिमालयन ४११ ची सीट ८०० मिमी, माझे नुसते चवडे टेकायचे. मीटिअर ३५० ची ७६५, दोन्ही पाय व्यवस्थित. तीच घेतली. बायकांनो, कुणी काही सांगू दे, शोरूममध्ये बूट घालून बसून बघा, आणि बंद गाडी मागे ढकलून बघा. उतारावर पुढचं चाक खाली करून लावली तर काढताना घाम फुटतो.
आई अजून रोज विचारते, पोचलीस का.

नाना७२:
तुमच्या इंटरसेप्टर वगैरे ठीक आहे हो, पण येझदी कुणी चालवली आहे का? किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारायची, दांडा पुढे पाडायचा, तोच गिअर. आमचे वडील त्यावर मिरजेहून कोल्हापूरला जात. टाकीवर मी बसलेला.

वरंधाप्रेमी:
नाना, काका ठेवून आहेत एक, रोडकिंग! फोटो टाकतो रात्री.

नाना७२:
टाका टाका. सायलेन्सर ओरिजिनल आहे का बघा.

सुलू:
माझा भाऊ बाइकच्या अपघातात गेला. त्यामुळे हा धागा उघडावा की नाही असं झालं. कुणाला घाबरवायचं नाहीये. फक्त पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घाला आणि पट्टा लावा, एवढंच.

कात्रजकर:
सुलूताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. घरी हीच अट होती. आधी हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, बूट, मग गाडी. एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) बघून घ्या. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, पण जुनी गाडी घेणाऱ्यांनी मुद्दाम विचारा.

सुलू:
_/\_

पनवेलचा_पक्या:
एक्सप्रेसवेला बाइक चालत नाही याचा सगळ्यांना राग, मला उलट बरं वाटतं. कारमध्ये होतो तेव्हा खोपोली म्हणजे नुसता एक फलक. आता जुन्या रस्त्याने जातो, खोपोलीत थांबतो, वडापाव खातो, घाट चढून लोणावळा. अटल सेतूवरही आपल्याला बंदी, मग उरणला खाडीच्या कडेने.

मेघना_ठाणे:
उरणचा रस्ता कंटेनरमुळे नको वाटतो मला. पहाटे कसा असतो?

पनवेलचा_पक्या:
रविवारी सहाच्या आत निघालात तर बरा. एरवी नकोच.

जीटीआय_वेडा:
मी मात्र कार सोडणार नाही. पोरं लहान आहेत, पाठ दुखते. पण हे वाचून मैदानात शिकायला जावंसं वाटतंय खरं.

वरंधाप्रेमी:
या की, दिवाळीनंतर. माझी जुनी १५० सीसी बाइक आहे, तिच्यावर शिका.

मेघना_ठाणे:
कुणीतरी पावसाळी ग्लोव्हजचं सांगा. माझे अर्ध्या तासात आतून ओले.

स्टुटगार्टहून:
वरून भांडी घासायचे रबरी हातमोजे, एक माप मोठे. इकडेही लोक करतात.

नाना७२:
आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत असेल तर आतून साबणाचं बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. पक्या, त्या खोपोलीच्या वडापाववाल्याकडे चटणी ओली की सुकी?

पनवेलचा_पक्या:
दोन्ही नाना, मागाल ती.