हॅशचे बटाटे कुरकुरीत होण्यासाठी

हॅश, म्हणजे पॅनमध्ये खरपूस परतलेल्या बटाट्याच्या फोडी, करताना बटाटे पॅनला चिकटतात आणि शेवटी लगदा होतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोष बटाट्याचा नाही, ओलाव्याचा आहे. साधारण १ सेंमीच्या फोडी करून गार पाण्यात दोनदा खळबळून घ्या, म्हणजे वरचा स्टार्च निघून जातो. मग मिठाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ४-५ मिनिटंच उकळा. आंबटपणामुळे फोडी मोडत नाहीत. निथळून कापडावर पसरा, पार कोरड्या होऊ द्या. ही पायरी कृपा करून गाळू नका!

बिडाचं पॅन आधी चांगलं तापवा, मग तेल. फोडी एका थरात पसरल्या की ५-६ मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू खरपूस झाली की फोड आपणहून सुटते. उलथनं घातल्यावर ओढ लागली, तर अजून थांबा.

कांदा आणि ढोबळी मिरची नंतरच. आधी घातली तर पाणी सुटतं आणि बटाटे वाफवले जातात. शेवटी दोन खळगे करून अंडी फोडा, झाकण ठेवा. ३-४ मिनिटांत पांढरं घट्ट होतं, पिवळं मात्र वाहतं राहतं, आणि तेच फोडींवर पसरलं की वेगळा सॉस लागत नाही.